पुण्याच्या वाड्यांतील बिऱ्हाडें व त्यांचें अनुकर्म

१. विषयोपन्यास

जुन्या वाड्यांकडे पाहण्याच्या दोन रीती आपल्या संशोधकवर्गांत रूढ आहेत. पहिली अशी कीं, वाडा म्हणजे कागदांचें पात्र. माळ्यावरील रुमाल हातीं आले कीं वाड्याशीं आपला संबंध संपला. दुसरी अशी कीं, वाडा हेंच स्मारक. त्याची खुंटीहि हालवूं नये. या दोन्ही रीतींत एका साध्या गोष्टीचा विसर पडतो. वाड्यांत अद्यापि माणसें राहत आहेत; आणि त्यांस तेथें राहणें अशक्य झालें म्हणजे रुमालहि राहत नाहींत व स्मारकहि राहत नाहीं.

पुण्याच्या पेठांतील एखाद्या वाड्याच्या चार-पांच खणांत राहणाऱ्या कुटुंबानें आपलें बिऱ्हाड आजच्या संसाराला सोईचें करून घ्यावें कीं नाहीं, आणि घ्यावयाचें तर कोणत्या मर्यादेंत, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. वरवर पाहतां हा गवंड्या-सुतारांचा प्रश्न आहे; त्रैमासिकाच्या वाचकांनीं त्यांत लक्ष कां घालावें, अशी शंका येईल. तिचें उत्तर असें कीं, वाडा सगळा पाडला जातो तेव्हां चार लोक पाहावयास येतात, कोणी छायाचित्र घेतो, कोणी कागदांची चौकशी करतो. परंतु एका बिऱ्हाडाची मोरी हलते, एक कोनाडा बुजतो, एक पोटमाळा साफ होतो, तेव्हां तेथें संशोधक नसतो. पुराव्याचा नाश अशा निरुपद्रवी दिसणाऱ्या दिवशीं होतो. म्हणून हा विषय आपला आहे.

२. शास्त्रकारांची दृष्टि

नवें घर कसें बांधावें याचा आपल्या वास्तुग्रंथांत विस्तार आहे. जुनें घर कसें सुधारावें याचाहि विचार आहे. मयमत या दाक्षिणात्य ग्रंथांत या विषयाला स्वतंत्र अध्याय असून त्यास 'अनुकर्म' असें नांव आहे. जीर्णोद्धार हा शब्द देवालयांच्या संबंधानें आपल्या परिचयाचा आहे. पण राहत्या घराच्या बाबतींत अनुकर्म हा शब्द मला अधिक समर्पक वाटतो. कर्म म्हणजे मूळची रचना. अनुकर्म म्हणजे तिच्या मागून आणि तिला धरून केलेलें काम. 'अनु' या उपसर्गाचे हे दोन्ही अर्थ येथें घ्यावेत, म्हणजे या लेखांतील पुढील सर्व विवेचनाचें बीज हातीं येईल.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत वास्तुविद्येच्या अध्यायांत चतुःशाल गृहाचे, म्हणजे चारी बाजूंस शाला व मध्यें अंगण असलेल्या घराचे, सर्वतोभद्र, नंद्यावर्त, वर्धमान, स्वस्तिक व रुचक असे पांच प्रकार दिले आहेत. शालांपुढील अलिंद कोठून कोठवर जातो आणि कोणत्या दिशेस दार नसावें, यांवरून हे भेद पडतात. अलिंद म्हणजे शालेच्या भिंतीबाहेर अंगणाकडे तोंड करून असलेली वाट. आपली ओसरी ती हीच. त्यापुढें ग्रंथकार एक शाला नसलेल्या त्रिशाल घराकडे वळतो. उत्तरेची शाला नसेल तर तें हिरण्यनाभ, पूर्वेची नसेल तर सुक्षेत्र, दक्षिणेची नसेल तर चुल्ली आणि पश्चिमेची नसेल तर पक्षघ्न. यांपैकीं पहिलीं दोन शुभ व शेवटचीं दोन अशुभ मानिलीं आहेत.

फलश्रुति बाजूस ठेविली तरी या विभागणींत व्यवहार आहे असा माझा तर्क आहे. दुपारनंतरचें ऊन दक्षिणेकडून व पश्चिमेकडून येतें, आणि आपल्याकडील पावसाळ्यांतला जोराचा पाऊसहि त्याच बाजूचा. चौकाकडील भिंती या आंतल्या भिंती. झोडपणारा पाऊस सोसण्यासाठीं त्या बांधलेल्या नसतात. भावाभावांच्या वांटणींत पश्चिमेचा सोपा ज्याच्या वांट्याला गेला त्यानें तो उतरविला, तर उरलेल्या तिघांच्या मातीच्या भिंती प्रथमच उघड्या पावसांत येतात. 'पक्षघ्न' या नांवाचा हा अर्थ आमच्या पेठांत अनेकांनीं प्रत्यक्ष अनुभविला आहे. एका बिऱ्हाडांतील फेरबदल हा कधींहि केवळ त्या बिऱ्हाडापुरता नसतो, हा धडा येथें घेण्यासारखा आहे.

३. 'मूळ' वाडा कोणता?

वाड्याला मूळ स्वरूपांतच राखावें असें म्हणणारांनीं प्रथम मूळ स्वरूप कोणतें तें सांगावें. शनिवारवाड्याचेंच उदाहरण घेऊं. त्याचा पाया १० जानेवारी १७३० (शके १६५१) रोजीं घातला गेला व २२ जानेवारी १७३२ (शके १६५३) रोजीं वास्तुशांति झाली. त्या बांधकामाचा खर्च १६,११० रुपये नमूद आहे. परंतु ज्या तटावरून व दिल्लीदरवाज्यावरून आज आपण तो वाडा ओळखतों, तें काम नानासाहेबांच्या कारकीर्दींत पुरें झालें. हजारी कारंजें सवाई माधवरावांच्या काळचें. प्रत्येक पिढीनें आपल्या गरजेप्रमाणें व ऐपतीप्रमाणें त्यांत भर घातली. आणि २७ फेब्रुवारी १८२८ रोजीं लागलेल्या आगींत आंतील इमारती जळाल्या तेव्हां जें नष्ट झालें तें शंभर वर्षांच्या फेरबदलांचें संचित होतें.

विश्रामबागवाड्याचा इतिहास याहून बोधप्रद आहे. दुसऱ्या बाजीरावानें राहण्यासाठीं बांधविलेला हा तीन चौकी वाडा १८०७ च्या सुमारास तयार झाला. पेशवाई संपल्यावर तीन वर्षांतच, १८२१ मध्यें, त्यांत संस्कृत पाठशाळा सुरू झाली. जेथें पेशव्यांची बैठक तेथें न्याय-व्याकरणाचे पाठ होऊं लागले. १८७९ च्या आगींत त्याचा कांहीं भाग जळाला व पुन्हां बांधला गेला. पुढें कांहीं वर्षें तेथें नगरपालिकेची कचेरी होती. याच वर्षीं बुधवारवाडाहि जळाला. तो पुन्हां उभा राहिला नाहीं. विश्रामबागवाडा वांचला याचें एक कारण त्याला प्रत्येक काळीं कांहीं तरी उपयोग सांपडत गेला हें होय.

तिसरें उदाहरण गायकवाडवाड्याचें. लोकमान्य टिळकांनीं तो १९०५ मध्यें विकत घेतला, आणि संस्थानिकाच्या वाड्यांत एका गृहस्थाचें राहतें घर, वृत्तपत्राची कचेरी व छापखाना अशीं तिन्ही एकत्र नांदूं लागलीं. आज त्यास केसरीवाडा म्हणतात. या बदलाला कोणी विध्वंस म्हणणार नाहीं. तात्पर्य, वाडा बदलत आला म्हणूनच तो आपल्यापर्यंत आला. प्रश्न बदलावें कीं नाहीं हा नाहीं. बदल वास्तूला धरून आहे कीं नाहीं हा आहे.

४. वाड्याचें व्याकरण : खण, चौक आणि पाणी

बिऱ्हाडांत फेरबदल करणारानें आधीं वाड्याचें व्याकरण जाणलें पाहिजे. त्याचा मूळ घटक खण. दोन खांबांमधील अंतर तो खण. सागवानी तुळई व तिच्यावरील कड्या जेवढा भार न वांकतां पेलतील तेवढेंच हें अंतर. सोपा पांच खणी, माजघर तीन खणी, खोली दोन खणी, अशी मोजदाद त्यामुळेंच पडली. घडीव दगडाचें जोतें, त्यावर लांकडी खांबांचा सांगाडा, आणि सांगाड्याच्या मधून विटांची वा पांढऱ्या मातीची भिंत, अशी ही रचना आहे. मधली भिंत खचली तरी खांब व तुळया उभ्या असलेले वाडे सर्वांनीं पाहिले असतील. यावरून नियम निघतो तो असा: मधला कूड काढतां येतो, नवा घालतां येतो, खांब काढतां येत नाहीं आणि तुळईला छेद देतां येत नाहीं. वास्तुपुरुषाच्या मर्मस्थानीं खांब, खिळा वा अशुचि भांडें येऊं नये असें शास्त्रकार सांगतात. तुळई जेथें खांबावर बसते तो सांधा हेंच आमच्या वाड्याचें मर्म, असें मी समजतों. तेथें खिळे ठोकणें किंवा ओल पोंचूं देणें हा मर्माघात होय.

दुसरी गोष्ट चौक. वाड्याच्या बाहेरच्या भिंती जाड व बहुधा बंद. उजेड व वारा चौकांतून येतो, ओसरींत येतो, तेथून सोप्यांत व शेवटीं माजघरांत. म्हणजे उजेड एका खोलीनें दुसरीस द्यावयाचा असतो.

तिसरी गोष्ट पाणी. आणि माझ्या मतें सर्वांत महत्त्वाची हीच. नानासाहेबांच्या कारकीर्दींत कात्रजच्या तलावापासून शहरांत दगडी नळ आणला गेला. त्यावरील उच्छ्वास व पेठांतील हौद जुन्या पुणेकरांस ठाऊक आहेत. हें पाणी वाड्याच्या चौकांतल्या हौदांत किंवा आडांत येई, म्हणजे जमिनीवर राही. न्हाणीघर दगडी फरशीवर, चौकालगत. शौचकूप मागील परसांत. वरच्या मजल्यावर दिवाणखाना, निजण्याच्या खोल्या आणि दप्तर. या मजल्याची जमीन म्हणजे कड्यांवर फळ्या, फळ्यांवर माती. तीवर पाणी सांडावयाचें नाहीं हा वाड्याचा अलिखित करार होता. पाणी खालीं व लांकूड वर, या एका व्यवस्थेवर दीडशें-दोनशें वर्षें हे कडीपाट टिकले.

रोजचें थोडें पाणी भिंतीला काय करतें हें जाणणारा मोठा जाणकार संस्कृत साहित्यांत एक चोर आहे. मृच्छकटिकाच्या तिसऱ्या अंकांत शर्विलक चारुदत्ताच्या घराला भोंक पाडण्यासाठीं जागा शोधतो, तेव्हां तो नित्य सूर्याला अर्घ्य देतांना पाणी पडून जी जागा लोण्यानें पोखरली आहे ती अचूक हेरतो. आग आणि पूर यांस आपण वाड्यांचे शत्रु समजतों. शर्विलकाला मात्र रोजच्या पळीभर पाण्याची शक्ति कळली होती.

५. कुटुंब बदललें, घर तेंच राहिलें

वाडा एका कर्त्या पुरुषाच्या, एका चुलीच्या कुटुंबासाठीं होता. वांटण्या झाल्या तशा चुली वाढल्या. पुढें शाळा, कचेऱ्या व छापखाने यांच्या निमित्तानें शहरांत येणारांस भाड्यानें जागा देण्यांत आल्या, आणि ज्या सोप्यांत पंगत बसे तेथें तीन कुटुंबांचे संसार थाटले गेले. घरांत नळ आल्यावर पाणी वर चढलें. प्रत्येक बिऱ्हाडानें आपल्या दोन खणांच्या कोपऱ्यांत विटेची मोरी बांधली, आणि कडीपाटाखालीं ओल उतरूं लागली.

यावर कायद्याची भर पडली. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानें १ सप्टेंबर १९४० रोजीं चालूं असलेलें भाडें हें प्रमाण भाडें धरलें. भाडेकरूस आधार मिळाला हें योग्यच झालें. परंतु भाडें जागच्या जागीं राहिलें आणि चुना, सागवान व मजुरी यांचे दर चढत गेले. मालकाला दुरुस्ती परवडेना. भाडेकरूला भिंतीस हात लावण्याचा अधिकार नव्हता. हा कायदा जाऊन १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू होईपर्यंत अर्धें शतक लोटलें. मध्यंतरीं १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, आणि नदीकांठच्या पेठांतील मातीच्या भिंती पाण्यांत विरघळून वाडेच्या वाडे बसले. त्यानंतर कित्येक मालक व भाडेकरू यांनीं सामोपचारानें वाडा पाडून त्या जागीं सदनिका घेतल्या. त्यांस दोष देणें सोपें आहे. परंतु ज्या घरांत म्हाताऱ्या माणसाला रात्रीं पावसांतून परसांत जावें लागतें, तें घर पवित्र आहे असें त्याला बाहेरून येऊन सांगणें संशोधकाला शोभत नाहीं.

६. आजच्या बिऱ्हाडाच्या गरजा व त्यांची मर्यादा

आजच्या कुटुंबाच्या मागण्या थोड्या व रास्त आहेत: घरांतच शौचकूप व न्हाणीघर, उभ्यानें स्वयंपाक करण्यास ओटा, नवराबायकोस दार लावतां येईल अशी एक खोली, मुलांस अभ्यासाची शांत जागा, विजेची सोय. या सर्व वाड्याच्या व्याकरणांत बसवितां येतात. त्यासाठीं पुढील मर्यादा पाळाव्यात असें अनुभवानें वाटतें.

पाण्याच्या सर्व जागा, म्हणजे न्हाणीघर, शौचकूप व ओट्याची मोरी, एकाच खणांत एकावर एक याव्यात. हा खण मागील चौकालगतचा निवडावा, आणि त्याच्या जमिनीचा भार जुन्या कड्यांवर न टाकतां खालून नवे विटेचे वा लोखंडाचे टेकू देऊन घ्यावा. असें केल्यानें एक खण नवा होतो, पण बाकीचे पुन्हां कोरडे होतात. नळ उघडे, भिंतीबाहेरून न्यावे. भिंतीत पुरलेला नळ गळूं लागल्याचें कळतें तेव्हां खांबाचें बूड गेलेलें असतें.

आडोशासाठीं कूड घालावा तो खांबाच्या रेषेंत. तो छतापर्यंत भरीव नेऊं नये. माथ्यावर जाळी किंवा कांच ठेवावी, म्हणजे चौकांतला उजेड माजघरापर्यंत पोंचतो. ओसरी बंद करून स्वयंपाकघर करण्याची चाल सर्वत्र दिसते. तीनें चार हात जागा मिळते आणि मागील सर्व खोल्या दिवसा दिवे लावण्याच्या योग्यतेच्या होतात. अलिंद हा घराचा दरवळता श्वास आहे, त्याचा बळी देऊं नये.

भिंतीला सिमेंटचा गिलावा करूं नये. मातीची भिंत पावसाळ्यांत ओल घेते व उन्हाळ्यांत ती बाहेर टाकते. सिमेंटनें ती वाट बंद झाली कीं ओल आंतच राहते. गिलावा वरून गुळगुळीत दिसतो आणि मागें माती व लांकूड कुजत असतें. चुन्याचा गिलावा खर्चिक व मंद कामाचा खरा, परंतु तोच या भिंतींचा सजातीय आहे. विजेच्या तारा उघड्या लांकडाला खेटून नेऊं नयेत, धातूच्या नळींतून न्याव्यात. १८२८ व १८७९ या दोन सालांची आठवण पुण्यांत तरी कोणास करून द्यावयास नको. आणि वरच्या मजल्यावर फरशी घालण्याचा मोह आवरावा. तिचें वजन कड्यांच्या हिशेबांत कधींच धरलेलें नव्हतें.

७. एक कोनाडा

आतां प्रत्यक्षाचें एक उदाहरण देतों. आमचें बिऱ्हाड एका जुन्या वाड्याच्या वरच्या मजल्यावर पांच खणांत आहे. मुलाच्या लग्नानंतर जागेची रचना बदलण्याचें ठरलें. सूनबाईंनीं आपल्या मागण्या नेमक्या शब्दांत सांगितल्या आणि शेवटीं म्हणाल्या, "मामंजी, एवढें झालें तर हा वाडा सोडून कोठें जायचें नाहीं." या वाक्यांत वाड्याच्या रक्षणाचा जेवढा विचार आहे तेवढा पुष्कळ ठरावांत नसतो.

काम सुरू झाल्यावर तिसऱ्या व चौथ्या खणांमधील भिंतीचा सिमेंटचा गिलावा काढला, तेव्हां मागें एक बुजविलेला कोनाडा निघाला. पूर्वीं केव्हां तरी तेथें राहणाऱ्या एखाद्या बिऱ्हाडानें भिंत सपाट करण्यासाठीं तो विटांनीं भरून वर गिलावा केला होता. विटांच्या मागें, फडक्यांत गुंडाळलेले कागद होते. हातकागद, मोडी अक्षर, बोरूचें लिखाण. पण ओल व वाळवी या दोघींनीं मिळून अर्ध्याहून अधिक भाग नेलेला. जें वाचतां आलें तो एक घरगुती जमाखर्च: सुताराची मजुरी, फळ्या, खिळे, चुना, आणि एका खणाला कूड घालून दार बसविण्याचा तपशील. म्हणजे जें काम आम्हीं काढलें होतें तेंच काम कोणी पूर्वीं याच जागीं काढलें होतें, आणि त्याचा हिशेब लिहून ठेविला होता.

मग कागद घेऊन मी भिंतीपाशीं गेलों. हिशेबांतला कूड कोणता तें ओळखणें कठीण गेलें नाहीं: त्याच्या फळ्या बाकीच्या लांकडाहून पातळ, खिळे लोहारी घडणीचे, आणि छतावरील तक्तपोशीची नक्षी त्याच्या दोन्ही बाजूंस अखंड चालू. नक्षी एक असून खोल्या दोन, म्हणजे नक्षी होती तेव्हां कूड नव्हता. मूळचा एक मोठा दिवाणखाना दुभंगून दोन खोल्या झाल्या हें घरावरून सिद्ध झालें, आणि त्यास लागलेली मजुरी कागदावरून. केवळ कागद असता तर तो कोणत्या खणाविषयीं आहे हें कळलें नसतें. केवळ कूड असता तर तो पुरावा आहे हेंच सुचलें नसतें.

मात्र ज्या वरच्या कोपऱ्यांत मिती असावयाची तो कोपरा शिल्लक नाहीं. कोरड्या कोनाड्यांत तो टिकला असता. सिमेंटमागें कोंडलेल्या ओलीनें वाळवीला वाट दिली आणि आमच्या वाड्याच्या त्या फेरबदलाचें साल गेलें. तें कोणी जाळलें नाहीं, कोणी विकलें नाहीं. भिंत सपाट व्हावी एवढ्याच इच्छेपायीं तें गेलें.

८. एक सूचना

कागदांच्या शोधासाठीं गांवोगांव हिंडणारे इतिहासाचार्य राजवाडे व त्यांचे सहकारी यांची परंपरा आपण सांगतों. तिचें एक साधें अंग आतां प्रत्येक बिऱ्हाडानें उचलावें असें मला सुचवावयाचें आहे. फेरबदल अवश्य करावा. पण सुतार येण्यापूर्वीं एक याद करावी.

या यादींत पहिली गोष्ट, खणांचा नकाशा: किती खण, खांब कोठें, दारें कोणत्या बाजूस, कोनाडे व फडताळें किती. दुसरी, चारी भिंती, जमीन व छत यांचीं छायाचित्रें. हें यंत्र आतां प्रत्येकाच्या खिशांत असतें, तेव्हां खर्चाची सबब उरत नाहीं. तिसरी, भिंती बोटांनीं ठोकून पाहाव्यात. पोकळ आवाज येईल तेथें गवंड्याचा घण न घालतां हळू हातानें विटा काढाव्यात. चौथी, काढलेलें लांकूड, खिळे, कड्या, जाळ्या विकण्यापूर्वीं त्यांवर वाडा, मजला व खण यांचें टिपण चिकटवावें. निदान एकेक नमुना ठेवावा. जेथून काढला तें ठाऊक नसलेला नक्षीदार खांब म्हणजे स्थळकाळ फाटलेलें पत्र.

कागद सांपडल्यास ते उन्हांत वाळवूं नयेत. ओलीनें चिकटलेले बंद बळानें सोडवूं नयेत. गोंद, चिकटपट्टी यांचा स्पर्शहि होऊं देऊं नये. धुवट सुती कापडांत सैल गुंडाळून, कोठें व कसे सांपडले तें लिहून, जाणत्या संस्थेकडे दाखवावेत. 'निरुपयोगी हिशेब' म्हणून जे कागद टाकून देतात तेच बहुधा घराच्या इतिहासाचे असतात. सनदा व राजपत्रें यांची काळजी घेणारे पुष्कळ आहेत, सुताराच्या मजुरीची काळजी घेणारा कोणी नसतो.

संशोधनसंस्थांसहि एक विनंति. आपण दप्तरें स्वीकारतों, पोथ्या स्वीकारतों. तशाच वाड्यांतील बिऱ्हाडांच्या या यादी स्वीकाराव्यात व पेठवार लावून ठेवाव्यात. पुणें महानगरपालिकेनें वारसावास्तूंची श्रेणीवार यादी केली आहे, आणि तिचा उपयोग मोठाच आहे. परंतु ती दर्शनी रूपाची व संपूर्ण इमारतीची. आंतल्या चार-पांच खणांची याद राहणाराच करूं शकतो. अशा शंभर यादी जमल्या तर पुण्याचीं घरें कशीं वांटलीं गेलीं, मोऱ्या केव्हां वर चढल्या, कोणत्या काळीं कोणती नक्षी व कोणता खिळा वापरांत होता, याचें जें साधन तयार होईल तें कोणत्याहि एका दप्तरांत मिळणारें नाहीं.

संग्राहक मित्रांस शेवटीं एवढेंच सांगणें आहे कीं, वाड्यांतून उतरविलेला खांब वा जाळी विकत घेतांना तिच्याबरोबर ही याद मागावी. ग्राहक याद मागूं लागला कीं विकणारा ती ठेवूं लागेल. आमच्या बिऱ्हाडाची याद मीं केली आहे. खणांचा नकाशा, कूडाचें टिपण आणि त्या जमाखर्चाची नागरी नक्कल तीस जोडली आहे. नव्या न्हाणीघराचा खर्च व त्याची तारीखहि तींत लिहिली आहे, म्हणजे आमच्या मागून फेरबदल करणाराला निदान आमचें साल तरी शोधावें लागणार नाहीं.